राजाबाई टॉवर: आईची घंटा, कापसाचा पैसा आणि कुणाची वेळ?

पेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: संदर्भ तर सापडला, पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायचं कसं? रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात याला 'स्रोत-चिकित्सा' म्हणतात. बाह्य चिकित्सा, अंतर्गत चिकित्सा वगैरे तुम्ही पाठ केलं असेलच. ते करून दाखवायचं कसं, ते आज एका इमारतीवर बघू. इमारत आहे मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट कॅम्पसमधला राजाबाई टॉवर, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयावर उभा असलेला घंटा-घड्याळाचा मनोरा.

'भामरागडच्या मुलीला मुंबईच्या टॉवरचं काय पडलंय?' असं कुणी विचारेल. उत्तर आहे, पण ते लेखाच्या शेवटाकडे येईल. तिथपर्यंत पोचायला थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, गुणाकार-भागाकारापुरतंच आहे.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

आधी गोष्ट ऐका. प्रेमचंद रायचंद हे मुंबईतले मोठे व्यापारी. त्यांची आई राजाबाई. ती जैन, धर्म काटेकोर पाळणारी, म्हणजे सूर्यास्तानंतर जेवायचं नाही. पण तिला दिसत नव्हतं. संध्याकाळ झाली की नाही, हे तिला कुणाला न विचारता कळावं म्हणून मुलाने हा मनोरा बांधायला पैसे दिले. घंटा वाजली की आई जेवायला बसायची. म्हणून नाव राजाबाई टॉवर.

ही गोष्ट पर्यटनाच्या पुस्तकांत आहे, वर्तमानपत्रांत आहे, गाईड लोक मनोऱ्याखाली उभे राहून ती रोज सांगतात. गोड गोष्ट आहे. कुणी हिच्यावर शंका घेतली तर आपल्यालाच वाईट वाटतं, आणि नेमकं तिथेच संशोधकाने सावध व्हायचं. ज्या गोष्टीवर शंका घेणं असभ्य वाटतं, ती गोष्ट वर्षानुवर्षं कुणी तपासलेली नसण्याची शक्यता जास्त.

आता ज्या तारखांना आधार आहे त्या मांडू. विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७. प्रेमचंद यांनी विद्यापीठाला देणगी देऊ केली १८६४ मध्ये: ग्रंथालयासाठी २ लाख रुपये आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं ही इच्छा त्यांचीच. आराखडा केला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्लंडमधल्या प्रसिद्ध वास्तुविशारदाने, आणि तोही तिकडे बसूनच. ते मुंबईत कधी आले नाहीत. पायाभरणी १ मार्च १८६९. काम पूर्ण झालं नोव्हेंबर १८७८ मध्ये. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारले, म्हणजे पूर्ण झालेला मनोरा त्यांनी पाहिलाच नाही. उंची साधारण २८० फूट, एकूण खर्च साधारण साडेपाच लाख रुपये.

गोष्टीला तीन प्रश्न

चिकित्सा म्हणजे 'हे खोटं आहे' असं ओरडणं नव्हे. 'हे खरं असेल तर आणखी काय काय खरं असावं लागेल?' एवढंच विचारायचं. तीन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न तारखांचा. देणगी १८६४ ची, मनोरा पूर्ण झाला १८७८ मध्ये. मधे १४ वर्षं गेली. आईच्या रोजच्या जेवणाची अडचण सोडवायची म्हणून कुणी १४ वर्षांनी तयार होणारी इमारत बांधतं का? घरात एक वाजणारं घड्याळ ठेवलं तरी भागलं असतं, आणि प्रेमचंद यांच्यासारख्या श्रीमंत माणसाला ते सहज परवडणारं होतं. यावरून गोष्ट खोटी ठरत नाही. पण 'आईला वेळ कळावी' हे मनोऱ्याचं कारण आणि 'आईचं नाव राहावं' हे मनोऱ्याचं कारण, ही दोन वेगळी विधानं आहेत एवढं कळतं. दुसऱ्याला आधार आहे. पहिलं दुसऱ्याला चिकटून आलेलं आहे.

दुसरा प्रश्न सूर्याचा. हा मला सगळ्यात आवडतो, कारण तो तपासायला दप्तरखान्यात जावं लागत नाही, कॅलेंडर पुरतं. घड्याळ वेळ सांगतं, सूर्यास्त सांगत नाही. मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सूर्य आजच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सातवाजून वीस मिनिटांच्या आसपास. सुमारे ८० मिनिटांचा फरक. घंटा मात्र बारा महिने त्याच ठोक्याला वाजते. मग घंटेवरून चौविहार पाळायचा असेल तर आज सूर्यास्त किती वाजता आहे, हे आधी कुणीतरी पंचांग बघून सांगायलाच हवं. म्हणजे 'कुणालाही न विचारता' हा गोष्टीतला सगळ्यात हळवा भाग हिशेबात बसत नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. 'संपूर्ण खर्च प्रेमचंद यांनी केला' असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, 'खर्चाचा काही भाग त्यांनी दिला' असं दुसरीकडे. कधीकधी तर एकाच लेखात ही दोन्ही वाक्यं सुखाने नांदत असतात! वर दिलेले आकडे बघा. मनोऱ्यासाठी २ लाख, ग्रंथालयासाठी २ लाख, एकूण खर्च साडेपाच लाख. साडेपाच लाखांत काय काय धरलंय? फक्त मनोरा की खालचं ग्रंथालयही? १८६४ ते १८७८ या काळातलं व्याज कुणाच्या नावावर मोजायचं? या प्रश्नांशिवाय 'संपूर्ण' आणि 'काही भाग' हे दोन्ही शब्द पोकळ आहेत. तुमच्या थिसिसमध्ये कुठलाही आकडा आला की त्याच्यासमोर 'कशाचा?' हा शब्द पेन्सिलीने लिहायची सवय लावा.

आईच्या गोष्टीवर माझा मुख्य आक्षेप मात्र ती सिद्ध होत नाही हा नाही. ती इतकी पुरेशी वाटते की पुढचं कुणी विचारतच नाही, हा आहे. मनोरा कुणासाठी? आईसाठी. पैसा का दिला? प्रेमापोटी. झालं, संपला इतिहास. त्या गोष्टीमागे दोन मोठे प्रश्न झाकले जातात: पैसा आला कुठून, आणि घंटेने वाजवलेली वेळ कुणाची?

पैसा आला कुठून

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडच्या राज्यांतून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला. लँकशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, तो मुंबईतून जाऊ लागला आणि भाव आकाशाला भिडले. मुंबईत एवढा पैसा आला की लोक बँका, फायनान्स कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या काढत सुटले. बॅक बे रेक्लमेशन कंपनी त्यातली सगळ्यात गाजलेली. या शेअरबाजाराच्या वेडाच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद होते. विद्यापीठाला देणगी दिली ते १८६४ हे वर्ष म्हणजे या वेडाचा कळस.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते, आणि त्या दिवसाभोवती व्यापारी धडाधड दिवाळखोर झाले. प्रेमचंद यांचीही वाताहत झाली. शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जं देणारी बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली आणि तिच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. विद्यापीठाला दिलेला पैसा मात्र वाचला. तो पैसा ज्या तेजीतून आला होता ती विरल्यानंतर चार वर्षांनी मनोऱ्याचा पहिला दगड बसला.

हे वाचायला एक चांगलं साधन आहे. दिनशा वाच्छा यांनी या काळावर १९१० मध्ये एक आणि प्रेमचंद यांच्यावर १९१३ मध्ये एक अशी दोन इंग्रजी पुस्तकं लिहिली. वाच्छा स्वतः मुंबईचे, १८४४ चा जन्म, म्हणजे ती तेजी-मंदी त्यांनी तरुणपणी पाहिली. साक्षीदार म्हणून मोलाचे. पण लिहिलं ४५ वर्षांनंतर, शहराचा एक प्रतिष्ठित पुढारी म्हणून. साक्षीदाराची आठवण आणि पुढाऱ्याची भूमिका एकाच पानावर असते तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करत वाचायचं.

आणि कापूस कुठला? इथे आपला भाग जवळ येतो. गुजरात, खानदेश, वऱ्हाड यांच्यासोबत वर्धा खोऱ्यातला हिंगणघाटचा कापूसही त्या काळी नावाजलेला होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली १८६७ मध्ये, म्हणजे तेजी संपल्यावर. तेजीच्या ऐन वर्षांत इकडचा कापूस बैलगाडीने रेल्वेपर्यंत जात होता. मनोऱ्याच्या इतिहासात शेतकरी आणि गाडीवान कुठेच नाहीत. देणगीदाराचं नाव आहे, वास्तुविशारदाचं आहे, मूर्तिकामावर देखरेख करणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांचंही नाव सुदैवाने राहिलं आहे. कापूस पिकवणाऱ्याची नोंद नाही. भावनेच्या भरात 'हा मनोरा आमच्या घामाचा' असं थिसिसमध्ये लिहू नका, गाईड लगेच खोडतील आणि त्यांचं बरोबर असेल. कुठल्या गावचा किती कापूस कुठल्या दलालामार्फत गेला, हे दाखवता आलं तरच ते वाक्य लिहायचं. दाखवता येईपर्यंत तो प्रश्न आहे, निष्कर्ष नाही.

घंटा कुणाची वेळ वाजवत होती

आता लेखाचा गाभा. आज आपण सगळा देश एकाच वेळेवर चालवतो. एकोणिसाव्या शतकात तसं नव्हतं. प्रत्येक शहराची आपली वेळ. सूर्य डोक्यावर आला की त्या गावचे बारा. रेल्वे आणि तारखात्याला हे जमेना, म्हणून त्यांनी मद्रासच्या वेधशाळेची वेळ सगळीकडे वापरायला सुरुवात केली. तिला 'मद्रास टाइम' म्हणत. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे होती.

१८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) यांच्या सरकारने सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लागू केली. शहर खवळलं. कचेरीत एक वेळ, बाजारात दुसरी. लोकांचं म्हणणं होतं, आमचे बारा आमच्या सूर्यावर ठरतात, सरकारच्या कागदावर नाही.

यात आपला मनोरा सापडला. शहरातलं सगळ्यात मोठं घड्याळ त्याच्यावर, मग त्याने कोणती वेळ दाखवायची? १८८३ मध्ये सरकारने सरळ पैशाला हात घातला: घड्याळाच्या तबकड्यांवर रात्री दिवे लावण्याचा खर्च हवा असेल तर घड्याळाने मद्रास टाइम दाखवली पाहिजे. विद्यापीठाच्या सिनेटने मुंबईच्या वेळेची बाजू घेतली.

इथे जरा थांबा. एक सरकारी खर्चाने चालणारी संस्था, तिची नियामक सभा, आणि समोर अट: आमची वेळ दाखवा, नाहीतर दिव्याचे पैसे नाहीत. ज्यांना पुढे विद्यापीठांत काम करायचं आहे त्यांनी हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा. विद्यापीठाची स्वायत्तता हा शब्द आपण नेट-सेटच्या पेपर एकमध्ये वाचतो. इथे तो शब्द घड्याळाच्या काट्यावर येऊन बसलेला दिसतो.

पण थोडं उलटही बघा. याच मनोऱ्याच्या घंटा सोळा धून वाजवायच्या असं सांगतात, आणि त्यात 'रूल ब्रिटानिया' आणि इंग्लंडच्या राणीचं गीतही होतं. म्हणजे सूर साम्राज्याचा आणि वेळ मुंबईची! म्हणून 'राजाबाई टॉवर साम्राज्याचं प्रतीक होता' असं एका वाक्यात लिहिणारा आणि 'तो स्थानिक अस्मितेचं प्रतीक होता' असं लिहिणारा, दोघंही अर्धवट लिहितात. प्रतीक हा शब्द घाईत असलेल्या माणसाचा आवडता शब्द आहे. त्या जागी 'कधी, कुणी, कशासाठी वापरलं' असं लिहून बघा, वाक्य आपोआप सरळ होतं.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. त्याच महिन्यात मुंबईत गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम थांबवलं. साहजिक आहे. घड्याळ ३९ मिनिटं पुढे नेलं की साहेबाचा चहा ३९ मिनिटं आधी येतो, पण कामगाराला अंधारात उठून निघावं लागतं. मुंबई महापालिकेने आपली वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकवली होती. वेळेचा वाद म्हणजे निव्वळ सोयीचा वाद नव्हता. पहाटे कुणी आधी उठायचं आणि ते कुणी ठरवायचं, हा वाद होता.

भामरागडहून बघितलं तर

आता ते गणित. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका रेखांशाला ४ मिनिटं. मुंबई साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर. मद्रास साधारण ८०.२५ वर. प्रमाणवेळेची रेषा ८२.५ वर. भामरागड? ८०.६ च्या आसपास.

करा गुणाकार. मुंबई: ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रास: ५ तास २१ मिनिटं. भामरागड: ५ तास २२ मिनिटं. भामरागड आणि मद्रास यांच्या सूर्यवेळेत एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक आहे. म्हणजे मुंबईला जी वेळ परकी, लादलेली, निसर्गाविरुद्ध वाटत होती, ती पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती जिथे मिळतात त्या गावची जवळजवळ तंतोतंत सूर्यवेळ होती!

मला हे महत्त्वाचं वाटतं, आणि का ते सांगते. मुंबईच्या वेळेच्या वादावर चांगलं लेखन झालेलं आहे. त्याचा सूर साधारण असा असतो: एका बाजूला 'स्थानिक', 'नैसर्गिक' मुंबईची वेळ, दुसऱ्या बाजूला 'कृत्रिम', 'सरकारी' मद्रासची वेळ. मुंबईत उभं राहून हे बरोबर आहे. पण 'स्थानिक' हा शब्द कुठून उच्चारला यावर त्याचा अर्थ ठरतो. आपल्या जिल्ह्यातून बघितलं तर 'स्थानिक' ठरते मद्रासची वेळ, आणि लांबून आलेली ठरते मुंबईची. माझं म्हणणं असं नाही की १८८१ मध्ये भामरागडला कुणी मद्रास टाइमच्या बाजूने होतं. तेव्हा आपला भाग मुंबई इलाख्यात नव्हता, तो मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता, आणि या वादात त्याला कुणी विचारलं नव्हतं. म्हणणं एवढंच, की विश्लेषणाचे शब्द जागा बदलून तपासावे लागतात. एका जागी उलगडा करणारा शब्द दुसऱ्या जागी उलटा पडत असेल, तर तो शब्द अजून पुरेसा घासलेला नाही.

हा फरक आजही आहे. मुंबई आणि भामरागड दोन्ही १९ अंश अक्षांशाच्या जवळपास, त्यामुळे तुलना सोपी. एकाच तारखेला भामरागडला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी मावळतो. हिवाळ्यात साडेपाचलाच मावळतो. शासन निर्णय मात्र एकच, शाळा सुटण्याची वेळ एकच. मुंबईच्या मुलाला शाळेतून घरी जायला जेवढा उजेड मिळतो त्यापेक्षा जंगलातून पायी घरी जाणाऱ्या आपल्या पोराला अर्धा तास कमी मिळतो. सकाळी उलट होतं. हे कुणाचं कारस्थान नाही. पण 'सगळ्यांना समान वेळ' या वाक्यात काय लपतं, ते मनोऱ्याच्या इतिहासाने मला दाखवलं.

इमारतीबद्दल निवाडा

समीक्षा म्हटली की निवाडा द्यावा लागतो. इमारत म्हणून राजाबाई टॉवर मला मोठी वाटते. मुंबईतला दगड वापरून, इथल्या कारागिरांकडून, कधी न पाहिलेल्या शहरासाठी केलेलं इतकं जमून आलेलं काम थोडं. त्याच्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जाती-जमातींच्या माणसांच्या मूर्ती कोरल्या आहेत, पागोटी आणि पोशाखासकट. ज्यांना खाली ग्रंथालयात बसायला मिळणार नव्हतं तेही दगडात वर आहेत, ही त्यातली विसंगती. २०१५ मध्ये मनोऱ्याच्या जतनाचं मोठं काम पूर्ण झालं आणि २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला. त्यात हा मनोराही आहे. दगड जपले गेले हे चांगलंच.

पण मनोऱ्याचा जो इतिहास लोकांपर्यंत पोचतो तो कमकुवत आहे. तो देणगीदार, आई, वास्तुविशारद आणि उंची एवढ्यावर थांबतो. १८८३ चा दिव्याच्या पैशांचा वाद हा या इमारतीच्या आयुष्यातला सगळ्यात धीट प्रसंग, आणि तोच सामान्य वाचकाला माहीत नसतो. घंटेच्या मनोऱ्याचा इतिहास लिहिताना घंटा वाजवते ती वेळ कुणाची, हे विचारलं नाही, तर मग विहिरीचा इतिहास लिहून पाण्याबद्दल गप्प बसल्यासारखं होतं.

आता तुमच्यासाठी

काही कामाच्या गोष्टी.

एक. प्रत्येक साधनाची तारीख घटनेच्या तारखेशेजारी लिहा. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' हे फार मोलाचं मराठी पुस्तक, पण ते १८६३ चं. देणगी १८६४ ची. त्यात मनोरा शोधत बसलात तर आठवडा वाया. आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ चा, म्हणजे मनोरा उभा राहिल्यानंतरचा आणि वेळेचा वाद ताजा असतानाचा. आधी तो उघडायचा. एवढं साधं कोष्टक कितीतरी सिनॉप्सिसमध्ये नसतं.

दोन. शीर्षक प्रश्नातून येऊ द्या. 'राजाबाई टॉवर: एक ऐतिहासिक अभ्यास' हे शीर्षक नाही, ती नावाची पाटी आहे. '१८८१ ते १८८३: विद्यापीठाच्या घड्याळाची वेळ ठरवण्याचा अधिकार कुणाचा?' इथे काळ आहे, वाद आहे, साधनं कुठे शोधायची याची दिशाही आहे: सिनेटची इतिवृत्तं, सरकारी ठराव, त्या वर्षांची वर्तमानपत्रं.

तीन. मुंबईचा प्रश्न आपल्याकडे आणून बघा. आपल्या भागात सार्वजनिक वेळ कधी आणि कशी आली? गडचिरोली जिल्ह्यात अनेक दशकं रेल्वेचं एकच स्टेशन, वडसा. मग इकडे पहिली 'सगळ्यांची वेळ' रेल्वेने आणली नसेल. आठवडी बाजाराने? वनखात्याच्या मजुरीने? की आश्रमशाळेच्या घंटेने, झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्याने? हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आहे, म्हणजे शाळेच्या घंटेआधीचे दिवस आठवणारी माणसं अजून गावोगाव आहेत. आणि ज्यांच्या घरी माडिया बोलतात त्यांच्याकडे असं साधन आहे जे मुंबईच्या कुठल्याही ग्रंथालयात नाही: दिवसाच्या निरनिराळ्या वेळांना आपल्या आजीकडे असलेले शब्द. त्यातले किती सूर्यावरून आलेत, किती कामावरून, किती घंटेवरून? आजीला विचारताना वहीवर तारीख, गाव आणि विचारलेला प्रश्नही लिहा. नाहीतर तुमची मुलाखतही उद्या आईच्या गोष्टीसारखी होईल, गोड आणि तपासता न येणारी.

चार, आणि हे जरा मनातलं. विषय सुचवणाऱ्या एका ज्येष्ठांनी मला सांगितलं होतं, 'तू भामरागडची ना, मग आदिवासी संस्कृतीवरच कर, मुंबई तुला कशाला?' सांगण्यात वाईट हेतू नव्हता. पण हेच वाक्य उलटं कुणी ऐकलंय का? मुंबईच्या मुलाला 'तू मुंबईवरच कर, गडचिरोली तुला कशाला' असं कुणी म्हणत नाही. तो येतो, चार महिने राहतो, आपल्यावर थिसिस लिहून जातो, आणि त्यातले काही थिसिस खरंच चांगले असतात. आपल्या माणसांवर आपण लिहावंच, वर तिसऱ्या मुद्द्यात मी तेच सांगितलं. पण तो आपला एकमेव परवाना नाही. शहराच्या मध्यभागी उभा असलेला मनोरा वाचायचा हक्क आपल्यालाही तेवढाच आहे, आणि रेखांशाचं गणित सांगतं की इथून तो वाचताना काही गोष्टी दिसतात ज्या मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून दिसत नाहीत.

तर या आठवड्याचा गृहपाठ. आपल्या गावाचा रेखांश शोधा, त्याला चारने गुणा, आपल्या गावची सूर्यवेळ काढा आणि ती प्रमाणवेळेपेक्षा किती मिनिटं मागे पडते ते बघा. मग गावात वेळ सांगणारी जी कुठली घंटा, भोंगा किंवा घड्याळ असेल त्याच्याबद्दल तीन ओळी लिहा: कुणी बसवलं, पैसे कुणी दिले, कुणाच्या सोयीची वेळ वाजते. आपलं गाव प्रमाणवेळेच्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतं, हे विचारायला विसरू नका. आपल्या जिल्ह्यातलं उत्तर तुम्हाला आता माहीत आहे. तीन ओळी जमल्या की सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद तयार आहे असं समजा.